तळघरातली ऊब

ओठांना आधी थोडं व्हॅसलीन लावा. कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, हवा कोरडी ठणठणीत, आणि तुम्ही आलात मुंबईच्या जूनमधून, पाठीला चिकटलेला शर्ट घेऊन. तासाभरात तो शर्ट पापडासारखा वाळेल. रात्रीचे साडेनऊ वाजलेत तरी बाहेर लख्ख उजेड आहे. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या शिखरांवर अजून बर्फ दिसतोय. कुणाच्या तरी अंगणात नुकतंच गवत कापलंय, त्याचा ओला हिरवा वास रस्त्यापर्यंत आलाय. तारीख आहे ४ जून १९९९.

दार ढकला, आत या. वास एकदम बदलला ना? तापलेलं प्लास्टिक, उरलेली कॉफी, खोक्यात गार होऊन बसलेला पिझ्झा. पाय जपून टाका, जमिनीवर केबलींचं जाळं आहे. दहाच माणसं आहेत, पण एवढी यंत्रं आणि एवढे पेटीसारखे मॉनिटर की खोली गच्च भरल्यासारखी वाटते. काचेची ऊब गालाला लागते, तव्यासमोर उभं राहिल्यासारखी. पडद्याजवळ हात न्या, हातावरचे केस उभे राहतील. फारसं कुणी बोलत नाही. पंख्यांची घरघर, डिस्कची कुरकुर आणि कीबोर्डवर एकसारखी पावसाची सर.

ही माणसं ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टम लिहितात. थिओ डी राड्ट यांनी नेटबीएसडी या दुसऱ्या सिस्टमपासून वेगळं होऊन ती सुरू केली, १९९५ च्या ऑक्टोबरात, याच गावात. ती सगळ्यांना फुकट मिळते. एरवी हे लोक आपापल्या देशात बसून काम करतात आणि एकमेकांना पत्रं पाठवतात. आज ते प्रत्यक्ष एका खोलीत आलेत, कारण त्यांना कुलपं घडवायची आहेत आणि शेजारच्या अमेरिकेतून पक्कं सांकेतिक कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, कायद्याने परदेशी पाठवता येत नाही. तिथे लिहिलेला कोड तिथेच अडकतो, इथे लिहिलेला जगभर जातो. म्हणून कॅलगरी. अशा जमण्याला हे लोक हॅकॅथॉन म्हणतात. पुढे प्रत्येक कॉलेजच्या फलकावर झळकणारा तो शब्द याच सुमारास वापरात आला, आणि इथे त्याला बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, स्टॉपवॉचही नाही.

कुणाच्या तरी मागे उभे राहा आणि पडद्यावर बघा. सी भाषेतली एक साधी ओळ आहे, स्ट्रकॉपीची. एका डब्यातला मजकूर दुसऱ्या डब्यात ओतायचा, एवढंच तिचं काम. दुसरा डबा केवढा आहे हे मात्र ती विचारत नाही. सोळा अक्षरांच्या डब्यात चाळीस ओतली की उरलेली शेजारी सांडतात. आणि शेजारी बऱ्याचदा तो पत्ता लिहिलेला असतो, की हे काम आटोपल्यावर यंत्राने परत कुठे जायचं. मुद्दाम सांडणारा हुशार असला तर तो पत्ताच बदलून ठेवतो. मग यंत्र तुमच्या टेबलावर असतं आणि हुकूम त्याचा चालतो.

आता बघा, ती ओळ पुसली गेली. तिच्या जागी स्ट्रएलकॉपी आली, टॉड मिलर आणि थिओ यांनी घडवलेली. ही आधी डब्याचं माप मागते, मापाबाहेरचं कापते, शेवटी झाकण लावते, आणि खरं तर एवढी जागा लागली असती असंही सांगते. एका अक्षराचा फरक. आता याच जातीच्या सगळ्या ओळी सबंध सिस्टममध्ये शोधायच्या.

आमच्याकडे दुपारी जेवणं आटोपली की बायका सुपात तांदूळ घेऊन बसायच्या. खडा सापडला की तो टाकून उठायचं नाही, त्याच रंगाचा खडा अख्ख्या पोत्यात हुडकायचा. इथे १९९६ च्या उन्हाळ्यापासून तेच चाललंय. सहा ते बारा जण, फाइलमागून फाइल, कुणी तक्रार केलेली नसताना. या खड्याने दात पडेल की नुसती कचकच होईल, याचा हिशेब ते करत बसत नाहीत. खडा दिसला, काढला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तटबंदी येते. इथे ती वाचनातून तयार होताना दिसते, डोळे चोळत, तिसऱ्यांदा तीच फाइल उघडत.

तुम्हीही जरा बसा त्या रिकाम्या खुर्चीवर. टेलनेटने पलीकडच्या यंत्रावर लॉगिन करा. पासवर्ड टाका, पडद्यावर काहीच उमटत नाही म्हणून निर्धास्त असाल. आता शेजारच्या मॉनिटरकडे बघा. तिथे टीसीपीडंप चालू आहे आणि तारेतून जाणारं प्रत्येक पाकीट उलगडून दाखवतोय. एकेका पाकिटात तुमच्या पासवर्डचं एकेक अक्षर, उघडं, वाचता येईल असं. कान तापले ना तुमचे? १९९९ मध्ये असंख्य लोक रोज असंच लॉगिन करतात, आणि वाटेत बसलेल्या कुणालाही ते वाचता येतं.

यावर फिनलंडच्या टाटू यल्योनेन यांनी चार वर्षांपूर्वीच उपाय काढला होता, तारेतून जाणारं सगळं सांकेतिक करणारं एसएसएच. पण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना आवळत गेला. स्वीडनच्या ब्योर्न ग्रोनव्हाल यांनी मागे जाऊन १.२.१२ ही मोकळ्या परवान्याची आवृत्ती उचलली आणि तिच्यावर काम केलं. येत्या सप्टेंबरात कॅलगरीची मंडळी तीच उचलतील, निवडतील, पाखडतील, आणि दोन महिन्यांत ओपनएसएसएच उभं करतील. तुमच्या-आमच्या काळात पुण्याच्या एखाद्या कंपनीतली मुलगी सकाळी चहा घेत सर्व्हरवर लॉगिन करते, तेव्हा बहुधा ती याच कुलपाला किल्ली लावत असते.

चला, ऋतू बदलू. स्वेटर, त्यावर कोट, कानटोपी. पायाखाली बर्फ करकरतोय, नाकातलं पाणी गोठतंय. दारात बूट काढा, कॅनडातही घरात बूट घालून फिरत नाहीत. हे थिओंचं घर. जिन्याने खाली उतरा. तिसऱ्या पायरीवर कोट काढावासा वाटेल, शेवटच्या पायरीवर स्वेटर.

तळघरात यंत्रंच यंत्रं. सनची स्पार्क, अल्फा, जुनी एचपी ३००, पीसी, मॅक, अमिगासुद्धा. प्रत्येकाच्या पंख्याचा सूर वेगळा, पण पाच मिनिटं थांबलात की सगळे मिळून एकच षड्ज लागल्यासारखा होतो आणि तो छातीत जाणवतो. गरम धुळीचा वास, जुन्या रेडिओच्या मागून यायचा तसा. लोखंडी पेटीवर तळवा ठेवा, ऊब लागते आणि बारीक थरथर.

इतकी जुनी यंत्रं कशाला, असं तुम्ही विचाराल. इथला नियम असा आहे की ज्या यंत्रासाठी सिस्टम निघणार, ती त्याच जातीच्या यंत्रावर बांधायची. जलद यंत्रावर बांधून हळू यंत्राला पाठवायची सोय ते वापरत नाहीत. हळू यंत्राला मग दिवसच्या दिवस लागतात. पण स्वतःला अख्खं बांधून काढणारं यंत्र वाटेत दहा ठिकाणी ठेचकाळतं, आणि त्या ठेचांतून चुका उघड होतात. एखादी चूक पीसीवर वर्षानुवर्षं गुपचूप बसते आणि स्पार्कवर पहिल्याच दिवशी कोसळते.

सध्या झाडाला कुलूप आहे. झाड म्हणजे सगळा कोड. सहा महिन्यांतले पहिले बरेच महिने धडाधड नवं शिरतं, मग एक दिवस सांगितलं जातं की आता पुरे, आता फक्त दुरुस्त्या. वर्षातून दोनदा हा फेरा, आपल्या खरीप-रब्बीसारखा. सुरुवातीला पीक साधारण जूनला आणि डिसेंबरला निघायचं, पुढे बरीच वर्षं ते मे-नोव्हेंबरला निघत राहिलं. एखादी नवी गोष्ट तयार नसेल तर ती पुढच्या हंगामाला. तिच्यासाठी खळं थांबवत नाहीत. आणि नवं पीक घरात आलं की दोन हंगामांमागच्या आवृत्तीची दुरुस्ती थांबते, म्हणून वापरणाऱ्यालाही फेऱ्याबरोबर चालावं लागतं.

पीक निघालं की ते सीडीवर दाबून घ्यायचं, पाकिटात स्टिकर घालायचे, आणि टपालाने जगभर पाठवायचं. त्या सीडी विकूनच या तळघराचं बरंचसं भागायचं. शेवटची सीडी २०१६ ची, ६.० आवृत्तीची. त्याआधी, २०१४ च्या जानेवारीत, वर्षाच्या वीस हजार डॉलर वीजबिलासाठी या लोकांना जाहीर मदत मागावी लागली होती. सबंध जगाचे सर्व्हर त्यांच्या कुलपावर आणि त्यांना विजेची चिंता. मदत आली, तरी ते वाचताना घास कडू झाला होता.

असो. आपण १९९९ च्या डिसेंबरात परत येऊ. २.६ आवृत्ती आलीय, तिच्यात ओपनएसएसएच पहिल्यांदा बसलंय. तुमच्या भाड्याच्या खोलीत, स्वयंपाकाच्या टेबलावर, कुणी तरी टाकून दिलेला ४८६ पीसी आहे. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी. फ्लॉपी सरकवा. खट्. कर्रर्र, कर्रर्र. अख्खा इन्स्टॉलर या एका १.४४ एमबीच्या चौकोनात मावलाय. पांढरी अक्षरं वर सरकतात आणि प्रश्न येतो: इन्स्टॉल की अपग्रेड? चित्रं नाहीत, माउस नाही. डिस्कचे भाग करताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा, सेक्टरांची बेरीज करावी लागेल. मग सीडीवरून बेस, ईटीसी, मॅन, कॉम्प हे गठ्ठे एकामागून एक उलगडतात. मधे उठून चहा टाका, वेळ आहे.

फ्लॉपी काढा. यंत्र पुन्हा सुरू होतंय. बाहेर वाऱ्याचा आवाज बदलला, रॉकीवरून गरम चिनुक वारा उतरलाय, पन्हाळीतून थेंब गळायला लागलेत. रूट, म्हणजे यंत्राचा मालक, म्हणून लॉगिन करा. तुम्ही अजून काहीच केलेलं नाही, मोडेमची तार भिंतीपाशी गुंडाळलेलीच आहे, आणि तरी पडद्यावर ओळ येते की तुमच्यासाठी टपाल आहे.

उघडा. पाठवणाऱ्याचं नाव थिओ डी राड्ट. स्वागत केलंय, पत्र जपून ठेवा म्हटलंय, आणि पहिल्यांदा काय वाचायचं तेही सांगितलंय, मॅन आफ्टरबूट, म्हणजे आफ्टरबूट नावाचं माहितीपान. चहाचा कप जवळ ओढा आणि टाइप करा: मॅन, मग एक मोकळी जागा, मग आफ्टरबूट. एंटर.