फॅसिझम : एका शब्दाची कुळकथा

नववीच्या वर्गात महायुद्धाचा धडा चालू होता. एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, फॅसिस्ट म्हणजे फाशी देणारे का?" सगळा वर्ग हसला. पण मुलाचा कान काही खोटा नव्हता. खुद्द इटालियन भाषेत या शब्दाचा उच्चार 'फाशिस्मो' असाच होतो. आपला 'फाशी' हा शब्द मात्र संस्कृत 'पाश'पासून आलेला आहे. दोहोंचे नाते नाही. मग खरा अर्थ काय? हा प्रश्न पालकांनाही पडत असेल. एक पुढारी दुसऱ्याला फॅसिस्ट म्हणतो, युनियनवाले मॅनेजरला म्हणतात, आणि शिस्तीचा हेडमास्तरही या शिवीतून सुटत नाही. फार वापराने नाण्यावरचा छाप पुसट होतो, तसे या शब्दाचे झाले आहे.

त्याचा मूळ अर्थ अगदी साधा आहे : मोळी. म्हाताऱ्या बापाने मुलांना लाकडाची मोळी मोडायला सांगितल्याची एकीच्या बळाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. प्राचीन रोममध्ये अशीच छड्यांची मोळी चामडी पट्ट्याने बांधून अधिकाऱ्यापुढे मिरवीत नेत. लॅटिनमध्ये तिला 'फास्केस' म्हणत. कॉन्सलपुढे असे बारा मोळीवाले चालत. छड्या फटके मारण्यासाठी असत आणि मोळीत खोचलेली कुऱ्हाड शिरच्छेदासाठी. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोम शहराच्या हद्दीत शिरताना कॉन्सलला मोळीतली कुऱ्हाड काढून ठेवावी लागे. कारण शहरात नागरिकाला शिक्षेविरुद्ध लोकांपुढे दाद मागण्याचा हक्क होता. दाद मागायला जागा आहे तेथे कुऱ्हाड नको, एवढे त्या जुन्या लोकांना कळत होते.

त्याच शब्दापासून इटालियन 'फाशो' झाला. त्याचा अर्थ जुडगा, आणि पुढे संघ किंवा संघटना. १८९० नंतर सिसिली बेटावरील गोरगरीब शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी आपले 'फाशी', म्हणजे संघ, काढले होते. सरकारने १८९४ साली लष्करी कायदा पुकारून ते मोडून काढले. म्हणजे हा शब्द आधी गरिबांचा होता.

२३ मार्च १९१९ रोजी मिलान शहरात बेनितो मुसोलिनीने आपल्या लढाऊ संघाची स्थापना केली. हा गृहस्थ लोहाराचा मुलगा. आई शिक्षिका होती आणि तो स्वतःही काही काळ प्राथमिक शाळेत मास्तर होता, हे आम्हा मास्तर मंडळींना सांगताना जरा जडच जाते. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या संघाला एकही जागा मिळाली नाही. मग काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. कामगार संघटनांची कार्यालये जाळणे, विरोधकाला धरून बळेच एरंडेल पाजणे, असे त्यांचे प्रकार होते. लोक प्रथम हसले. एरंडेलात हसण्यासारखे काही नव्हते. त्या मारझोडीत माणसे मेलीही. संपाला कंटाळलेले जमीनदार आणि कारखानदार मात्र पैसे पुरवीत होते.

१९२१ मध्ये पक्षाला पस्तीसच्या आसपास जागा मिळाल्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळे सदरे रोमकडे निघाले, तेव्हा लष्करी कायद्याच्या हुकमावर सही करण्यास राजाने नकार दिला आणि मुसोलिनीलाच पंतप्रधान केले. संसदेने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास दाखविला. विश्वास दाखविणारे बहुतेक त्याच्या पक्षाचे नव्हते! १९२४ च्या निवडणुकीतील दांडगाईचा पाढा समाजवादी सभासद मात्तेओत्ती यांनी ३० मे रोजी भर सभागृहात वाचला. १० जूनला त्यांना पळवून नेऊन ठार मारण्यात आले. १९२६ अखेर इतर सर्व पक्ष बंद झाले. रोमन मोळी आता सरकारी चिन्ह झाली होती, आणि तिच्यातली कुऱ्हाड कुठल्याच वेशीवर उतरत नव्हती. गंमत अशी, की या मताचा अर्थ सांगणारा अधिकृत लेख इटालियन विश्वकोशात आला तो १९३२ साली. सत्ता आधी आली, व्याख्या दहा वर्षांनी.

१९३१ हे साल विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या वर्षी विद्यापीठातील प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली. सुमारे बाराशेंपैकी नकार देणारे डझनभरच निघाले. बाकीच्यांना घरदार होते, मुलेबाळे होती. त्यांच्यावर दगड मारायला माझा हात धजत नाही. त्याच वर्षी इटलीच्या ताब्यातील लिबियात उमर मुख्तार या वृद्ध शिक्षकाला फाशी दिली गेली. मुलांना कुराण शिकविणारा हा सनूसी पंथाचा माणूस सत्तरीच्या घरात घोड्यावर बसून लढत होता. त्याचा पाठिंबा तोडण्यासाठी सरकारने सुमारे एक लाख माणसांना गुराढोरांसकट वाळवंटातील छावण्यांत कोंडले. त्यांतली हजारो पुन्हा घरी परतली नाहीत. १६ सप्टेंबर १९३१ रोजी सुलूक येथे, छावणीतल्याच लोकांना गोळा करून त्यांच्या डोळ्यांदेखत, त्याला फासावर चढविले. आणि सहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, मुसोलिनीने त्याच लिबियात 'इस्लामची तलवार' उंचावून स्वतःला मुसलमानांचा रक्षक म्हणवून घेतले! ती तलवार घडविली होती इटलीतच, फ्लॉरेन्सला. माझ्या विद्यार्थ्याचा व्युत्पत्तीचा अंदाज चुकला खरा, पण सुलूकच्या लोकांना तो चुकीचा वाटला नसता.

शाळांची कथा तर आपल्यासारख्या संस्थेने वाचावी अशी आहे. १९३० पासून प्राथमिक शाळांत एकच सरकारी पुस्तक आले. आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावर काळा सदरा चढला. आपल्याकडे ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन. इटलीत १९३८ च्या त्याच तारखेला हुकूम निघाला, की ज्यू शिक्षक आणि ज्यू विद्यार्थी शाळांतून बाहेर. लोकसंख्येत ही जमात हजारी एक. अनेक शहरांत तिने महिन्या-दोन महिन्यांत स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. विद्यापीठातून काढलेले प्राध्यापक तेथे शाळकरी मुलांना शिकवू लागले.

आधीच विद्यापीठात दाखल झालेल्यांना तेवढे शिक्षण पुरे करण्याची मुभा होती. पुढे लेखक म्हणून जगभर गाजलेले प्रिमो लेव्ही त्यांपैकीच. १९४१ साली ट्युरिन विद्यापीठाने त्यांना रसायनशास्त्राची पदवी सर्वोच्च श्रेणीत दिली. प्रमाणपत्रावर गुणांबरोबर आणखी एक शेरा होता : 'ज्यू वंशाचा'.