सरळ बसलोय असं वाटणं

"सरळ बस!" लहानपणी आई ओरडायची, हल्ली फिजिओथेरपिस्ट ओरडतात. तीन महिने मान आखडलीये. मी मात्र ठाम होतो, की आपण सरळच बसतो. परवा शेजारच्या मित्राने गुपचूप फोटो काढून दाखवला. कासवाने कवचातून डोकं काढावं तशी माझी मान मॉनिटरकडे! मग जरा वाचायला घेतलं आणि एक भन्नाट माणूस सापडला.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर. जन्म 1869, टास्मानिया. शेक्सपियरचे उतारे रंगमंचावर म्हणून दाखवायचा हा गडी. पण कार्यक्रमात घसा बसायचा. डॉक्टर म्हणाले, आवाजाला विश्रांती द्या. दिली. पुढच्या कार्यक्रमात अर्ध्यातच पुन्हा आवाज गेला! एरवी बोलताना घसा ठीक, म्हणजे बिघाड घशात नाही, म्हणताना आपण जे काही करतो त्यात आहे, असा त्याने तर्क केला. आपल्या भाषेत, बग हार्डवेअरमध्ये नाही!

मग तो आरशासमोर उभा राहिला. दिसलं ते असं: म्हणायला सुरुवात करताच डोकं मागे खेचलं जातं, स्वरयंत्र दाबलं जातं, तोंडाने आवाज करत श्वास ओढला जातो. ठीक, डोकं पुढे न्यायचं ठरवलं. गेलं असं वाटलंही. पण बाजूला आणखी आरसे लावले, तर डोकं अजून मागेच! शरीर देत असलेली खबरच चुकीची होती. जे सवयीचं, तेच 'बरोबर' वाटतं.

मग त्याने वेगळा उपाय काढला: बोलायची ऊर्मी आली की आधी थांबायचं, जुनी सवय सुरू होऊ द्यायची नाही. हेच तो पुढे इतरांना शिकवू लागला, 1904 मध्ये लंडनला गेला. 1973 मध्ये निको टिनबर्गनने आपल्या नोबेल व्याख्यानात त्याच्या कामाबद्दल सविस्तर सांगितलं. 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट पाठदुखीच्या 579 रुग्णांवरची चाचणी छापून आली. वर्षानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांची पाठ चार आठवड्यांत साधारण 21 दिवस दुखत होती, 24 धडे घेतलेल्यांची 3 दिवस.

असो. मी काही धडे घेतलेले नाहीत, मान अजून दुखते. पण कीबोर्डला हात लावण्याआधी क्षणभर थांबतो, बाजूच्या काचेत बघतो. बहुतेक वेळा कासवच दिसतं. निदान आता ते दिसतं तरी.