कसब्यातले ठोके

शनिवारवाड्याजवळचा शिवाजी रस्ता म्हणजे पुण्यातल्या गर्दीचा नमुनाच. पण तो ओलांडून पूर्वेच्या एखाद्या बोळात शिरा, चार वळणे घ्या. गाड्यांचा आवाज मागे पडतो. ही कसबा पेठ, पुण्यातली सर्वांत जुनी वस्ती.

कसबा हा शब्द मूळचा अरबी. पेठ आपली घरची. दोघे एका पाटीवर इतकी वर्षे नांदताहेत की परका कोण, हे कुणी विचारत नाही. कसबा गणपती आणि शेखसल्ल्याचा दर्गाही याच पेठेत.

१६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. पुढे जिजाबाई बाल शिवाजीराजांसह इथे आल्या आणि गाव पुन्हा वसले. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला. नव्या पेठा वाढल्या, मोठा बाजार तिकडे भरू लागला. कसब्यात कारागीर राहिले. कुंभारवाडा होताच, पेशवाईत तांबट आळीही नांदू लागली.

तांबट आळीत हातोडीचे ठोके ऐकू येतात. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके देऊन त्याला बळकटी आणि चकाकी आणायची, याला मठारकाम म्हणतात. बंब, हंडे, घागरी, पातेली अशी घडली. मग स्टील आले, ॲल्युमिनियम आले, बंबाच्या जागी गिझर आला. भांड्यांची मागणी घटली, तरी काही घरांनी हातोडी खाली ठेवलेली नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे कितीतरी वाडे पडले. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसब्याच्या पोटातून मेट्रो धावते आहे. पेठेच्या नावाचे भुयारी स्थानकही आहे. सोय झाली, हे खरेच. पण सोय आली की जागेला भाव येतो.

वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा राहणाऱ्याला पक्के घर मिळते. जुन्या वाड्यातली गळती ज्याने सोसली, त्याला नावे कशी ठेवायची? मात्र तांबटाचे घर आणि कारखाना एकच असतो. त्याची भट्टी तिसऱ्या मजल्यावर कशी पेटणार? आळीला जो ठोका कधी खटकला नाही, तोच नव्या सोसायटीत तक्रारीचा विषय होईल.

म्हणून जुनी पेठ जपायची तर कमानी आणि कोरीव खांबांवर भागणार नाही. नव्या नकाशात तळमजल्यावर भट्टीलाही जागा हवी.