घोर लागलेल्यांची बैठक : बोस्टन १९०५, शिकागो १९३७

आजचा विषय चिंतेचा आहे. म्हणजे अक्षरशः चिंतेचा.

परीक्षेआधी पोटात गोळा येतो, ती चिंता येते आणि जाते. मी बोलतोय ती वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेली. कारण असो नसो, छातीत धडधड, रात्री तीनला टक्क जाग, आणि 'आता काहीतरी वाईट होणार' ही धास्ती. डॉक्टरी भाषेत 'जनरलाइज्ड अँझायटी डिसऑर्डर'. हे नाव तसं नवं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० साली आली, तिच्यात ते पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून नोंदलं गेलं. आपल्याकडे आजी म्हणायची, 'जिवाला घोर लावून घेतोय पोरगा.'

मला स्वतःला हा त्रास चार वर्षांपासून आहे. औषध घेतो, आणि दर शनिवारी एका छोट्या गटात बसतो. आम्ही सात-आठ जण असतो. तिथे बसायला लागल्यावर माझ्यातल्या इंजिनिअरला प्रश्न पडला, की नुसतं एकत्र बसून नेमकं काय होतं? आणि हे सुरू कुणी केलं? शोधत गेलो तर गोष्ट पोचली थेट क्षयरोगापाशी.

साल १९०५, शहर बोस्टन. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं खाणं, एवढंच. त्यासाठी सॅनिटोरियम होती, पण गरिबाला ती परवडणार कशी? डॉ. जोसेफ प्रॅट यांनी अशा रुग्णांचा आठवड्याचा एक वर्गच भरवायला सुरुवात केली. पैसा दिला तिथल्या इमॅन्युएल चर्चने. प्रत्येकाकडे एक वही. त्यात ताप किती, विश्रांती किती, खाल्लं काय, हे रोज लिहायचं. घराच्या गच्चीवर नाहीतर बाल्कनीत, मोकळ्या हवेत झोपायचं. आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी वह्या घेऊन जमायचं.

प्रॅट यांचा हिशोब साधा होता. एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा वीसजणांना एकदम सांगू, वेळ वाचेल. पण वर्ग चालायला लागला तसं त्यांच्या लक्षात आलं, की माणसं एकमेकांमुळे टिकून राहतायत. शेजारच्याचं वजन वाढलेलं दिसलं की आपल्यालाही हुरूप येतो. पुढे १९३० मध्ये त्यांनी बोस्टन डिस्पेन्सरीत वेगळा वर्ग काढला. तिथे येणाऱ्यांना धडधड, पोटदुखी, थकवा असा सगळा त्रास होता, पण तपासणीत काही सापडत नव्हतं. मंडळी, ओळखीचं वाटतंय ना?

पण या वर्गात खुर्ची डॉक्टरांची होती. ती रुग्णांच्या हातात जायला शिकागो गाठावं लागतं.

डॉ. अब्राहम लो. जन्म १८९१, आजच्या पोलंडमध्ये, वैद्यकीचं शिक्षण व्हिएन्नात, मग अमेरिका. इलिनॉय विद्यापीठाच्या मानसोपचार संस्थेत ते काम करत होते. तिथून बरे होऊन घरी गेलेले लोक काही महिन्यांनी परत यायचे. घरचे सांभाळून बोलायचे, शेजारी कुजबुजायचे, नोकरी मिळायची नाही. आणि एक दिवस धडधड सुरू झाली की माणूस घाबरून पुन्हा खचायचा. १९३७ मध्ये लो यांनी अशा घरी गेलेल्या रुग्णांना घेऊन 'रिकव्हरी' नावाची संस्था काढली. तो काळ लक्षात घ्या. लिब्रियम ही गोळी बाजारात आली १९६० मध्ये, व्हॅलियम १९६३ मध्ये. तेव्हा दवाखान्याबाहेर माणसाच्या हातात जवळपास काहीच नव्हतं. पुढे दीर्घकाळ चिंता आणि भीतीने पिडलेले, कधीच दाखल न झालेले लोकही या बैठकांना येऊ लागले.

आता बैठकीत काय चालायचं? मला वाटलं होतं, सगळे मन मोकळं करत असतील, रडत असतील. तसं नव्हतं. बोलण्याला ठरलेला साचा होता. आधी, रोजच्या जगण्यातला एक छोटा प्रसंग सांगायचा. मग त्या वेळी अंगात आणि मनात काय काय झालं ते. मग त्यातला राग कुठला, भीती कुठली हे हेरायचं, आणि आपण काय केलं ते सांगायचं. शेवटी, पूर्वी असतो तर काय केलं असतं? त्यानंतर बाकीच्यांनी बोलायचं, तेही याच चौकटीत. कुणी कुणाचं निदान करायचं नाही, डॉक्टरी सल्ला द्यायचा नाही.

माझंच उदाहरण या साच्यात बसवून बघू. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, 'सोमवारी जरा बोलायचंय.' बस, एवढंच. हात गार पडले, पोटात ढवळायला लागलं. भीती ही, की नोकरी गेली. मी उत्तरात 'हो' लिहिलं, लॅपटॉप मिटला आणि भाजी आणायला गेलो. धडधड होतीच, तिला बरोबर घेऊन गेलो. पूर्वी असतो तर रात्री दोनपर्यंत जुने ईमेल चाळत बसलो असतो.

लो यांची शिकवण थोडक्यात हीच. डॉक्टरांनी तपासून शरीर ठीक असल्याचं सांगितलं असेल, तर धडधड त्रास देते, पण ती जीव घेत नाही. मन ऐकत नसेल तर आधी हात-पाय हलवा. आपला त्रास जगावेगळा समजू नका. आणि जमलं किती यापेक्षा प्रयत्न केला, यासाठी स्वतःची पाठ थोपटा. आज कॉग्निटिव्ह थेरपीत यातलं बरंच काही शिकवतात. ती थेरपी अ‍ॅरन बेक यांनी मांडली १९६० च्या दशकात.

हे सगळं घरी एकट्याने पुस्तक वाचून जमणार नाही का? लो यांचं पुस्तक १९५० मध्ये आलंच होतं. माझा अनुभव सांगतो. 'काही होत नाही रे' हे घरच्यांनी म्हटलं की राग येतो. तेच वाक्य, ज्याला गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये दरदरून घाम फुटला होता, त्याने म्हटलं की पटतं. त्याने ते फुकट म्हटलेलं नसतं. गटाची अर्धी ताकद इथे आहे. उरलेली अर्धी त्या साच्यात. साचा नसेल तर सात घाबरलेली माणसं एकमेकांना आणखी घाबरवू शकतात.

लो यांच्यावर टीकाही झाली. त्यांची भाषा कडक होती, डॉक्टरांचा शब्द त्यात फार वरचा. पण १९५२ मध्ये त्यांनी बैठकांची सूत्रं सदस्यांकडे सोपवली, आणि १९५४ मध्ये ते गेले. संस्था मात्र गेली नाही. काल थरथरत आलेला माणूस आज बैठक चालवतो, ही पद्धत टिकली. 'रिकव्हरी इंटरनॅशनल' या नावाने ती आजही चालू आहे.

पुरावा काय? १९८८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ मार्क गॅलँटर यांनी या संस्थेच्या सदस्यांची पाहणी छापली. गटात आल्यानंतर त्रास कमी झाल्याचं आणि मानसोपचारांची गरजही घटल्याचं सदस्यांनी सांगितलं. अर्थात ही त्यांची स्वतःची सांगी, आणि सोडून गेलेल्यांचा आवाज अशा पाहणीत येत नाही. म्हणून मी गटाला औषधाच्या जागी ठेवत नाही, शेजारी ठेवतो.

तुम्ही गट शोधत असाल तर एवढं बघा: बोलण्याला काही रीत आहे का, जुनी माणसं टिकून आहेत का, आणि कुणी 'गोळ्या बंद कर' म्हणतंय का. म्हणत असेल तर चप्पल घाला आणि निघा. झोप पार उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर गटाची वाट बघू नका; डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन लावा.

प्रॅट यांना सॅनिटोरियम परवडणारे रुग्ण मिळाले असते, तर वर्ग निघाला नसता. लो यांच्याकडे गोळी असती, तर कदाचित बैठक निघाली नसती. आज गोळ्या आहेत, तरी बैठक लागतेच. रात्री तीनला जाग आली की मला आमच्यातल्या एका काकूंचं वाक्य आठवतं: 'जागा असशील तर समज, मीही जागीच आहे.' मग मी कूस बदलतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पण फार नको!