दुरुस्तीच्या टेबलावर घडलेला आवाज

कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या फुलर्टन गावात १९३८ साली लिओ फेंडर नावाच्या तरुणाने रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. मंदीत त्याची हिशेबनिसाची नोकरी गेली होती आणि दुकानाचं भांडवल म्हणजे उसने घेतलेले ६०० डॉलर. लहानपणीच एक डोळा गमावलेल्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. पुढे जगभरच्या गिटारवादकांनी त्याचं नाव घेतलं, तरी ती त्याला कधी आली नाही. त्याला येत होतं ते बिघडलेल्या यंत्रापाशी बसून नेमकं काय बिघडलं ते शोधणं. व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पचा इतिहास सहसा वादकांच्या बाजूने सांगितला जातो. खरं तर तो दुरुस्तीवाल्यांच्या बाजूने सांगायला हवा, कारण तो घडवला त्यांनीच.

त्या काळी रेडिओवाल्याकडे सगळंच यायचं. ग्रामोफोन, सभेचे लाउडस्पीकर, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारींचे अ‍ॅम्प. विजेची गिटार तेव्हा नवीच होती. रिकनबॅकरची पहिली गिटार लॉस एंजेलिसमध्ये १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आली, आणि अशा गिटारींबरोबर मिळणारा अ‍ॅम्प म्हणजे जवळजवळ रेडिओचाच मागचा अर्धा भाग होता. घरात एका कोपऱ्यात बसण्यासाठी रचलेलं हे विजेचं मंडळ आता गाडीच्या डिकीत आदळत गावोगावच्या नाचांना जाऊ लागलं. सांधे सुटायचे, व्हॉल्व्ह हलायचे, स्पीकर फाटायचे. फेंडर ते जोडून द्यायचा आणि कुठे काय तुटतं हे ध्यानात ठेवायचा.

१९४५ मध्ये डॉक कॉफमन या मित्राबरोबर आणि १९४६ पासून स्वतंत्रपणे त्याने स्वतःचे अ‍ॅम्प बनवायला घेतले, तेव्हा हा अनुभव कामाला आला. त्याच्या अ‍ॅम्पचं मागचं फळकूट काढून मोजके स्क्रू सैल केले की चासी बाहेर येते. रेझिस्टर आणि कंडेन्सर फायबरच्या एका पट्टीवर ओळीने मांडलेले असतात, त्यामुळे एखादा बदलायला दहा भाग उपसावे लागत नाहीत. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा तक्ता पेटीच्या आतच चिकटवलेला असतो. ज्याला स्वतः यंत्र उघडावं लागलं आहे अशा माणसाचीच ही रचना. आजच्या किती कारखानदारांबद्दल असं म्हणता येईल, हा प्रश्न बाजूला ठेवलेला बरा.

त्या तक्त्यावर पुष्कळदा दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, १९५१ म्हणजे ‘ए’, दुसरं महिन्याचं. पोटेन्शियोमीटरच्या पाठीवर, ट्रान्सफॉर्मरवर आणि स्पीकरच्या चौकटीवर आकडे असतात. २२० म्हणजे जेन्सनचा स्पीकर, ६०६ म्हणजे शूमाकरचा ट्रान्सफॉर्मर, आणि पुढचे आकडे वर्षाचे व आठवड्याचे. आणखी आत पाहिलं तर चासीत चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनने लिहिलेलं एखाद्या बाईचं नाव सापडतं. फेंडरच्या कारखान्यात जोडणीचं काम करणाऱ्या कामगारांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि आपण जोडलेल्या चासीवर त्या नाव लिहीत. जाणता कारागीर अ‍ॅम्पला वीज देण्याआधी हे सगळं वाचून घेतो. कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून घुसवलेला, हे त्याला तिथेच कळतं.

मग खरं काम. साठ वर्षं जुना अ‍ॅम्प सरळ प्लगला लावणं हा सर्वांत सोपा आत्मघात, अ‍ॅम्पचाही आणि कधी माणसाचाही. आधी सिरीज लॅम्प. वाटेत साधा तारेचा बल्ब जोडायचा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. काही जण डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवून जुने कंडेन्सर ‘जागे’ करतात. कधी ते जागे होतातही, पण ज्याच्या पोटातला द्रव कधीच सुकून गेला आहे त्या कंडेन्सरवर विसंबणं हा शुद्ध कंजूषपणा आहे. असा कंडेन्सर पुरवठ्यातली लहर गाळू शकत नाही आणि स्पीकरमधून जाड घुमारा येतो. अमेरिकेत विजेची आवर्तनं सेकंदाला ६०, म्हणून हा घुमारा १२०चा, आपल्याकडे १००चा. आवाजाची खुंटी शून्यावर नेऊनही तो कमी होत नसेल तर दोष सहसा पुरवठ्यात किंवा खुंटीच्या पुढच्या भागात. तो शोधायची एक जुनी रीत आहे: पहिला व्हॉल्व्ह काढायचा, ऐकायचं, मग पुढचा. ज्याच्या जाण्याने आवाज थांबला, त्याच्या आसपास किंवा त्याच्या मागे चोर आहे. तडतड येत असेल तर लाकडी काडीने एकेक भाग हलकेच टोचत जायचं. ड्राय सोल्डर आणि कुरकुरणारा कार्बनचा रेझिस्टर असेच सापडतात.

सर्वांत फसवा बिघाड मात्र दिसतो, ऐकू येत नाही. दोन टप्प्यांमधला छोटा कंडेन्सर थोडासा गळू लागला की पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको असलेला धन दाब जातो. ग्रिड ऋण असली तरच व्हॉल्व्ह लगामात राहतो. लगाम सुटला की वाजवी प्रवाहाची मर्यादा तुटते, आतली प्लेट तांबूस, मग लालबुंद होते, आणि वेळीच बटण बंद केलं नाही तर ट्रान्सफॉर्मरही जातो. हाडाचा कारागीर नवा व्हॉल्व्ह बसवून मोकळा होत नाही. आधी ग्रिडवरचं व्होल्टेज मोजतो.

या टेबलावर एक हात खिशात ठेवायची शिस्त आहे. आत पुष्कळदा ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. शिवाय जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोनच पिनांचा प्लग असे, आणि विजेच्या एका तारेपासून चासीपर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की गिटारीच्या तारांत वीज. कारागिरांनी त्याला मृत्यूचंच नाव दिलं आहे. अर्थिंगकडे दुर्लक्ष किती महाग पडतं ते १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात दिसलं: स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून दगावला. म्हणून तीन पिनांची तार बसवणं आणि तो कंडेन्सर कापून टाकणं यात मूळपणाचा वाद कोणी घालू नये.

फुलर्टनहून निघालेला धागा लंडनला पोचला तोही दुरुस्तीवाल्याच्याच हातून. ड्रम शिकवणाऱ्या जिम मार्शलने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान काढलं. तरुण गिटारवादक फेंडर अ‍ॅम्प मागत, पण आयात केलेला माल खिशाला परवडत नसे. दुकानात दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या केन ब्रॅनने आणि ईएमआयमध्ये उमेदवारी करणाऱ्या अवघ्या अठरा वर्षांच्या डडली क्रेव्हनने फेंडरचा बासमन, मंडळ ५एफ६-ए, समोर ठेवून १९६२ साली आपला अ‍ॅम्प जोडला. नक्कलच होती ती. पण भाग मिळतील ते वापरायचे होते. पुढे अमेरिकन ५८८१ व्हॉल्व्हच्या जागी इंग्रजी केटी६६ आले, पहिल्या टप्प्यातल्या १२एवाय७च्या जागी जास्त उचल देणारा ईसीसी८३ बसला, ट्रान्सफॉर्मर वेगळे, आणि उघड्या पाठीच्या पेटीतल्या दहा इंची जेन्सनऐवजी बंद पेटीत बारा इंची सेलेशन. एवढ्याने आवाजाचा स्वभावच पालटला. जेटीएम४५ नावाच्या या अ‍ॅम्पमधून पुढे ब्रिटिश रॉकचा आवाज निघाला.

तिसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोजवळचं. तिथल्या बँडांचे अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या रँडल स्मिथने साठच्या दशकाच्या अखेरीस गंमत म्हणून १२ वॉटच्या चिमुकल्या फेंडर प्रिन्सटनच्या पेटीत बासमनचं मंडळ आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सँटानाने तो वाजवून पाहिला आणि त्याच्या कौतुकाच्या उद्गारातूनच ‘बूगी’ हे नाव चिकटलं. मेसा बूगी कंपनी त्यातून उभी राहिली.

आता गंमत अशी, की दुरुस्तीवाले ज्या दोषांशी झुंजत होते त्याच दोषांच्या प्रेमात वादक पडत होते. १९५१च्या मार्चमध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत आयक टर्नरचा बँड ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित करायला आला तेव्हा विली किझार्टचा अ‍ॅम्प वाटेत खराब झाला होता. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, याबद्दल सांगणाऱ्यांचं एकमत नाही. फिलिप्सने फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तो खरखरीत आवाज तसाच राहू दिला. १९५८च्या ‘रंबल’साठी लिंक रेने पेन्सिलने स्पीकरला भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्याचा आवाज व्हॉक्स एसी३०मधून बाहेर काढला. लिओ फेंडर तर स्वच्छ, न फाटणाऱ्या आवाजाच्या मागे लागलेला माणूस. त्याच्या अ‍ॅम्पची खुंटी शेवटपर्यंत पिळून वादक नेमका त्याला नको असलेला आवाज काढू लागले.

इथून कारागिराची पंचाईत सुरू होते. बिघाड कोणता आणि स्वभाव कोणता? सुकलेला कंडेन्सर निःसंशय बिघाड. पण वयाबरोबर किंमत सरकलेले रेझिस्टर, थोडा दमलेला स्पीकर? सगळं बदललं तर अ‍ॅम्प निरोगी होतो आणि मालक म्हणतो, ‘हा माझा अ‍ॅम्प नाही.’ संग्राहकांचा बाजार वेगळाच. तिथे एक अस्सल भाग गेला तरी भाव घसरतो, म्हणून काही कारागीर जुन्या कंडेन्सरचं कवच कापून त्याच्या पोटात नवा बसवतात. कौशल्य खरं, पण ते कान खूश करण्यापेक्षा डोळे खूश करतं. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून मालकाला परत द्यावा, ही जुनी पद्धत जास्त प्रामाणिक.

व्हॉल्व्ह मात्र कुठून आणायचे? १९६५च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएसने १.३ कोटी डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प बाजारात आणले. ते चालले नाहीत, पण बाकी जग ट्रान्झिस्टरकडेच गेलं. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचा हॅरिसन इथला व्हॉल्व्ह कारखाना १९७६ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी सोव्हिएत वैमानिक बेलेन्को मिग-२५ घेऊन जपानला पळाला आणि विमानाच्या उपकरणांत व्हॉल्व्ह पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले. पुढे गिटारवादकांना तारलं ते याच मागासलेपणाने. सोव्हिएत संघ कोसळल्यावर न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजने रशियातल्या सारातोवच्या कारखान्याचे व्हॉल्व्ह विकायला आणि नंतर कारखानाच चालवायला घेतला. स्लोव्हाकियातलं जेजे आणि चिनी कारखाने हे बाकीचे आधार. २०२२च्या मार्चमध्ये युद्धाच्या पार्श्वभूमीवर रशियाने व्हॉल्व्हची निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या गिटार दुकानांत तुटवड्याची धास्ती पसरली. काही काळाने पुरवठा पुन्हा सुरू झाला.

व्हॉल्व्ह आपल्याकडेही बनत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ‘बीईएल’ छापाचे व्हॉल्व्ह मर्फी-फिलिप्सच्या रेडिओंत चालले, आणि आता परदेशी वादकही जुन्या साठ्यातले ते विकत घेतात. तेव्हा माळ्यावर एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा सभेचा अ‍ॅम्प धूळ खात पडला असेल तर तो भंगारात देऊ नका, आणि उत्साहाच्या भरात प्लगलाही लावू नका. आधी तो व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे न्या, त्याने सिरीज लॅम्प लावला की तिथेच उभे राहून पाहा, आणि काढलेले भाग मागून घ्या.