चोरीची तुळई आणि रोमचा कायदा

१/ एखाद्याने चोरीची तुळई आपल्या घराच्या छपरात बसवली आणि मूळ मालकाने ती ओळखली, तर छप्पर उतरवून ती परत न्यावी काय? रोमच्या ‘बारा फलकांच्या कायद्या’ने (इ.स.पू. ४५१-४५०) उत्तर दिले : नाही.

२/ मालकाने तिच्या दुप्पट किमतीचा दावा लावावा, पण घर मोडू नये. पुढे न्यायपंडितांनी ‘तुळई’ या शब्दात सर्वच बांधकाम-साहित्य धरले. मालकाचा हक्क मात्र संपत नसे, नुसता थांबून राही. दुप्पट रक्कम मिळालेली नसताना इमारत पडली, तर तो आपली वस्तू परत मागू शके.

३/ स्वतःच्या मालकीच्या साहित्यातही धोका होता. सम्राट क्लॉडियसच्या काळात सेनेटने ठराव केला : पाडून नफा मिळवण्यासाठी इमारत विकत घेणाऱ्याने किमतीच्या दुप्पट रक्कम सरकारी खजिन्यात भरावी. शांततेच्या काळात भग्नावशेष दिसू नयेत, ही त्यामागची भूमिका.

४/ या ठरावाचा धाक किती होता, हे इ.स. ५६ मध्ये दिसले. अलियाटोरिया सेल्सिला या स्त्रीच्या वाट्याला उत्तर इटलीतील काम्पी माक्री येथील पडक्या इमारती आल्या होत्या. तेथील बाजार केव्हाच बंद पडला होता. राहायला कोणी जाणार नव्हते. तरीही दंडाच्या भीतीने तिच्या आप्तांनी सेनेटकडे धाव घेतली. सेनेटने सूट दिली आणि इतरांना पुन्हा तंबी दिली. हे दोन्ही ठराव हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या एकाच कांस्यपटावर कोरलेले होते.

५/ राज्यसत्ता स्वतः मात्र जुने साहित्य वापरतच होती. इ.स. ३१५ च्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या काळातील शिल्पे बसवलेली आहेत.

६/ इ.स. ४५८ मध्ये सम्राट मेजोरियनने पाहिले, की सार्वजनिक कामाला दगड हवा, या सबबीखाली रोममधील प्राचीन वास्तू पाडल्या जात आहेत आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीने खासगी घरेही त्याच दगडांतून उभी राहत आहेत. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याने ५० पौंड सोन्याचा दंड ठरवला. हाताखालच्या कर्मचाऱ्यांना फटके आणि हात तोडण्याची शिक्षा.

७/ या शिक्षेचा रोख दगड नेणाऱ्यापेक्षा परवानगी देणाऱ्यावर आहे. नऊ शतकांपूर्वी प्रश्न एका चोराच्या तुळईचा होता. आता खुद्द राखणदारच संशयित होता. तीन वर्षांनी, इ.स. ४६१ मध्ये, मेजोरियन मारला गेला. कायदा ग्रंथात उरला. तो अमलात आणणारी सत्ता पुढील काही वर्षांत लयाला गेली.