अंधारयुग कोणाचे? वत्सगुल्मातून जगाकडे पाहताना



विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की आज पश्चिमेला चार शिव्या ऐकायला मिळणार. तसे होणार नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्या विषयात आधी विचारायचे असते, हा शब्द आला कुठून? आजही तेवढेच करायचे आहे.

इ.स. ४७६. जगाच्या इतिहासाचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडा, हे साल सापडतेच. त्या वर्षी ओडोअ‍ॅसर नावाच्या सेनापतीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले, पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य संपले आणि पुस्तक म्हणते, इथून अंधारयुग सुरू झाले. आमच्या कित्येक पिढ्यांनी हे वाक्य पाठ करून गुण मिळवले. अंधार कुठे पडला होता, हे मात्र कोणी विचारले नाही.

साधारण त्याच दशकापर्यंत आपल्या या गावातून, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्मातून, हरिषेण नावाचा वाकाटक राजा राज्य करत होता. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र एवढ्या प्रदेशांची नावे त्याच्या पराक्रमाच्या संदर्भात कोरलेली आहेत. त्याच्या कारकिर्दीत अजिंठ्याच्या डोंगरात लेणी कोरली जात होती आणि भिंती रंगवल्या जात होत्या. बरं का मंडळी, युरोपातल्या एका कोपऱ्यात राज्य बुडाले, त्याचे सुतक आपण का पाळायचे? आता तर तिकडचे अभ्यासकही ‘अंधारयुग’ हा शब्द वापरताना बिचकतात. आपल्याकडे मात्र तो ठाण मांडून बसला आहे.

काळाला नाव देणे ही साधी गोष्ट नाही. नाव देणारा आपले घड्याळ सगळ्या जगाच्या भिंतीवर टांगतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्याला ‘शोध’ म्हणतात. आसपासच्या गावकऱ्यांना ती लेणी ठाऊक होती, पण त्यांचे पाहणे शोधात धरले जात नाही. त्या गृहस्थाने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख खरडून ठेवली. आज कोणा पोराने तसे केले तर आपण त्याला पोलिसांत देऊ; स्मिथसाहेबांची सही मात्र इतिहास झाली!

आता दुसरी बाजू. सगळा दोष साहेबावर टाकून मोकळे होणे आम्हाला पसंत नाही. आपणही घड्याळ बदलले ते गंगेकाठचे लावले. ‘गुप्तांचे सुवर्णयुग’ हा धडा सगळ्यांना येतो. समुद्रगुप्ताला ‘भारताचा नेपोलियन’ म्हटले ते व्हिन्सेंट स्मिथने, आणि आपण ते कौतुकाने मिरवले. आमच्या राजाचा मोठेपणा सांगायला चौदाशे वर्षांनी जन्मलेला फ्रेंच सेनापती कशाला लागतो? आणि त्या धड्यात वाकाटक कुठे असतात? चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेत दिली, तिने मुलांच्या वतीने राज्य चालवले, एवढ्या एका वाक्यात. म्हणजे विदर्भ इतिहासात येतो तो सासर म्हणून! वत्सगुल्माची शाखा तर त्या वाक्यातही नसते.

ही शाखा इतिहासाला कशी सापडली, ते मुद्दाम सांगतो. १९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. राजा विंध्यशक्ती दुसरा, त्याच्या राज्याचे सदतिसावे वर्ष, दान दिल्याचे स्थळ वत्सगुल्म. त्या आधी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा लेख मोठमोठ्या विद्वानांनी वाचला होता. त्यात भगवानलाल इंद्रजी होते, ब्यूलरसाहेब होते. पण लेख झिजलेला, नावे पुसट, त्यामुळे वंशावळ जुळेना. वाशीमच्या ताम्रपटात नावे स्वच्छ निघाली. त्यांचा आधार घेऊन नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि तिथे सर्वसेनाचे नाव लागले. पहिल्या प्रवरसेनाचा हा मुलगा, वत्सगुल्म शाखेचा संस्थापक. जगप्रसिद्ध अजिंठ्याची वंशावळ दुरुस्त झाली ती वाशीमच्या तांब्याच्या पत्र्यांनी आणि नागपूरच्या माणसाच्या चिकाटीने. मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी मोर्चा काढला नाही, पुतळा मागितला नाही. अक्षरे लावली. आमच्या मते याचे नाव राष्ट्रकार्य.

त्या ताम्रपटाची भाषाही पाहण्यासारखी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात. मान भारदस्त भाषेत, पण गाव कोणाला दिले, सवलती कोणत्या, हे लोकांना कळेल अशा भाषेत. सोळाशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांना जे समजले ते आमच्या आजच्या कार्यालयांना समजते का, याचा निकाल तुम्हीच लावा.

सर्वसेन हा राजा कवीही होता. त्याने ‘हरिविजय’ हे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिले. ते आज उपलब्ध नाही. मग कळले कसे? नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, त्यात त्याने या काव्याची दखल घेतली. पुढे गुजरातेत हेमचंद्रानेही घेतली. आणि दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले, ते कुठे? उज्जैनला नाही, काशीला नाही. विदर्भातल्या वत्सगुल्मात! कविता आणि समीक्षा यांच्या लग्नाचा मांडव आपल्या वाशीमला पडला होता, मंडळी. राजशेखर वावरला कनौजच्या दरबारात, पण लग्नाचे गाव त्याने हे निवडले.

हे आम्ही गावाचा गौरव म्हणून सांगत नाही. यात जगाच्या राजकारणातला एक जुना वाद अडकला आहे. सर जॉन स्ट्रॅची हा बडा इंग्रज अधिकारी. त्याने १८८८ च्या आपल्या पुस्तकात ठासून सांगितले की भारत नावाचा देश नाही आणि कधी नव्हताही. हे मत आजही नवे कपडे घालून फिरते: भारत हे राष्ट्र इंग्रजांच्या रेल्वेने आणि टपालाने बनवले म्हणे. मग आम्ही एवढेच विचारतो, श्रीनगर ते वाशीम ना रेल्वे होती ना टपाल. राज्ये वेगळी, राजे वेगळे, बोली वेगळ्या. तरी काश्मीरचा पंडित पाचशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी राजाचे प्राकृत काव्य वाचतो, त्यावर मत देतो, आणि हे परदेशी साहित्य आहे असे त्याच्या मनातही येत नाही. एकच कर घेणारे सरकार असले म्हणजेच राष्ट्र, अशी व्याख्या असेल तर स्ट्रॅची बरोबर. पण एकमेकांचे वाचणारे, एकमेकांची तीर्थे जाणणारे, एकाच शास्त्राच्या भाषेत भांडणारे लोक म्हणजे राष्ट्र, अशी व्याख्या केली तर ते इथे केव्हाच होते. राज्य नंतर आले.

आता सोळाव्या लेण्याकडे परत जाऊ. ते कोरवून घेतले हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने. त्याचा बाप हस्तिभोज हाही देवसेन राजाचा मंत्री. घराणे ब्राह्मणाचे, आणि विहार बांधला बौद्ध भिक्षूंसाठी. याच काळात रोमन जगात काय चालले होते? ३८० मध्ये सम्राट थिओडोसिअसने एकच पंथ राजमान्य केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत जुन्या देवळांतल्या पूजेवर बंदी आली. ५२९ मध्ये जस्टिनिअनने अथेन्समधल्या जुन्या पंथाच्या तत्त्वज्ञांचे शिकवणे बंद केले, आणि सात तत्त्वज्ञ इराणच्या राजाच्या आश्रयाला गेले. प्लेटोच्या गावातून तत्त्वज्ञ हद्दपार! आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही तारीख विसरता येत नाही.

आमच्याकडे पंथापंथांत भांडणे झालीच नाहीत, असला भाबडा दावा आम्ही करत नाही. झाली, आणि काही वेळा कडवट झाली. पण एकाच सत्यावर राज्याचा शिक्का मारायचा आणि बाकीच्यांचे तोंड बंद करायचे, हा राज्यकारभाराचा नियम वत्सगुल्मात नव्हता. आज कोणी लंडन-न्यूयॉर्कहून सहिष्णुतेचे धडे द्यायला आला, तर त्याला नम्रपणे अजिंठ्याचे तिकीट काढून द्यावे. आणि आपल्यातलाच कोणी परक्या पंथाच्या माणसाकडे बोट दाखवून ‘हे आमच्या परंपरेत बसत नाही’ म्हणाला, तर त्यालाही त्याच बसमध्ये बसवावे.

आता कटू भाग. हे वैभव टिकले नाही. हरिषेणानंतर थोड्याच काळात वाकाटकांचे राज्य कोसळले. अजिंठ्यात अर्धवट राहिलेली लेणी आजही दिसतात. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने उभे आयुष्य अजिंठ्याला दिले. त्याचे म्हणणे की हरिषेणाच्या मृत्यूने आश्रय तुटला आणि कारागिरांचे हात थांबले. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त विदर्भाच्या एका तरुण राजाची गोष्ट आहे. खुशमस्करे त्याला नीतिशास्त्र सोडायला लावतात, तो मौजमजेत बुडतो, शेजारचा अश्मकाचा राजा कट करतो, मांडलिक फुटतात, राज्य जाते. त्या गोष्टीत वाकाटकांच्या अस्ताची आठवण दडली आहे, असे मिराशींसह अनेकांनी मानले आहे.

यातून आम्ही जो धडा घेतो तो आजच्या जगाला लागू आहे. चित्र कितीही सुंदर असो, भिंत सांभाळायला राज्य लागते. सीमा, खजिना आणि फौज यांचे नाव काढले की आमच्या काही सुसंस्कृत मित्रांना अवघडल्यासारखे होते. त्यांनी ती अर्धवट लेणी पाहावीत. संस्कृतीला शस्त्राचे वावडे असून चालत नाही. आणि बाहेरचा शत्रू येण्याआधी दरबारातला खुशमस्कऱ्या आलेला असतो, हेही दंडीने सांगून ठेवले आहे.

सध्या परदेशी गेलेल्या वस्तू परत आणण्याचे वारे आहे, आणि ते चांगले आहे. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, पण तीन वर्षांच्या उसनवारीवर. २०२५ मध्ये राज्य शासनाने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सोडवली. त्याच वर्षी पिप्रहवा स्तूपातली रत्नेही देशात परतली. आनंदच आहे. परंतु जे कधी गेलेच नाही त्याचे आपण काय केले?

इथून जवळच्या हिस्से बोराळ्याला एक शिलालेख सापडला. देवसेन राजाच्या काळातला, शक ३८०, म्हणजे इ.स. ४५८. स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या सेवकाने तलाव बांधला आणि त्याला नाव दिले ‘सुदर्शन’. जुनागडला गिरनारच्या पायथ्याशी जो जुना सुदर्शन तलाव होता, त्याचा बांध नेमका याच सुमारास फुटला आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने तो नव्याने बांधला. तिकडे सौराष्ट्रात दुरुस्ती, इकडे वऱ्हाडात नवे बांधकाम, आणि नाव एकच. स्ट्रॅचीसाहेबांना हे कोणी दाखवायला हवे होते. आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात दीड हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरण्याएवढा मान तलाव बांधणाऱ्याला होता. किती शाळांची सहल तिथे जाते? शिक्षकांनी हात वर करावा. राहू द्या.

चीनचे उदाहरण देतो, कारण शहाणपण शत्रूकडूनही शिकावे. दुनहुआंगची बौद्ध लेणी अजिंठ्याच्याच नात्यातली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये पेलिओ तिथली हस्तलिखिते घेऊन गेले. दुनहुआंग चीनमध्ये, पण त्याचे ज्ञान लंडन-पॅरिसमध्ये, ही बोच चिनी विद्वानांना लागली. तेव्हा जपानशी युद्ध चालू होते. तरीही १९४४ मध्ये त्यांनी वाळवंटात त्या लेण्यांसाठी संशोधन संस्था काढली. आज त्या विषयात जगाला चीनचे दार ठोठवावे लागते. हस्तलिखिते बहुतांशी अजून बाहेरच आहेत, पण अधिकार परत आला. वस्तू परत मिळायला दुसऱ्याची मर्जी लागते. अधिकार अभ्यासाने मिळतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच दिवशी प्राकृतालाही मिळाला. पेढे वाटले गेले. पण वाशीमचा ताम्रपट त्याच्या मूळ लिपीत वाचू शकतील अशी दहा मुले या जिल्ह्यात आहेत का? ब्राह्मी लिपी मेहनती मुलाला काही आठवड्यांत येते. प्राकृताला थोडा अधिक वेळ लागतो, पण मराठी मुलाला ते आजीच्या बोलण्याइतके ओळखीचे वाटेल. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने रविवारचा वर्ग काढावा. खर्च खडू-फळ्याचा. शिकवायला कोणी मिळाले नाही, तर आम्ही आहोत. गुडघे कुरकुरतात, पण अक्षरे अजून दिसतात.

नाहीतर ४७६ साली जगात अंधार होता, हेच आपली नातवंडे पाठ करतील. आणि ज्या गावात त्या वेळी दिवा होता, त्याच गावात बसून पाठ करतील.